कारखान्याशेजारच्या उपनगरात दुकान टाकताय? गर्दी मोजू नका, पगार कुठे खर्च होतो ते मोजा



मागच्या व्हिडिओत दुकानाच्या जागेबद्दल बोललो, तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "भाऊ, आमच्या इथं एमआयडीसी जवळ आहे, शेजारी कॉलन्या आहेत, सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. दुकान चालेलच ना?"

चालेलच असं नाही. माझं चाललं नव्हतं.

आज त्याच्यावरच सविस्तर लिहितो. व्हिडिओत आकडे पटकन निघून जातात, इथे वही-पेन घेऊन निवांत बसा.

आधी हा भाग म्हणजे काय ते समजून घ्या

आपल्याकडे एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, १९६२ साली सुरू झालं. सरकार जमीन घेतं, रस्ते-पाणी-वीज देतं, प्लॉट पाडतं आणि उद्योजकांना भाडेपट्ट्यावर देतं. हे प्लॉट शहराच्या कडेला असतात. कारखाने आले की त्यांच्या शेजारी कामगारांची घरं येतात, मग भाड्याच्या खोल्या, मग प्लॉटिंग, मग शाळा, दवाखाने, मंदिर, किराणा. पंधरा-वीस वर्षांत शहराची कड राहत नाही, ते उपनगर होऊन जातं.

जळगावात अजिंठा चौफुलीवरून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागा. एका अंगाला एमआयडीसीचे सेक्टर. डाळ मिल, चटईचे कारखाने, पाइप बनवणारे, पॅकिंगवाले, आणि रेमंडसारखा मोठा कारखाना, ज्याच्या नावाने चौफुलीच ओळखली जाते. शेजारी अयोध्या नगर, सुप्रीम कॉलनी, पुढे कुसुंबा. नवीन माणसाला वाटतं इथे फक्त मशीन आहेत. प्रत्यक्षात इथे हजारो कुटुंबं राहतात, त्यांची पोरं इथेच शाळेत जातात.

धुळ्याचं पण तसंच. मुंबई-आग्रा रस्त्यावर अवधानची एमआयडीसी आणि शहराकडे येताना मोहाडी उपनगर. धुळ्यात तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकवाले, गॅरेजवाले, हॉटेलवाले यांची भर वेगळी.

म्हणजे एकाच रस्त्यावर घरं पण आहेत, कारखाने पण आहेत. गडबड इथेच होते. आपल्याला सगळी एकच गर्दी दिसते.

माझी चूक, आकड्यांसकट

बीबीए झाल्यावर माझ्या डोक्यात एकच होतं, नोकरी नाही करायची. एमआयडीसीच्या वाटेवर एक गाळा रिकामा दिसला. सकाळी साडेसातला मी समोरच्या टपरीवर चहा पीत उभा राहिलो. सायकली, मोटारसायकली, रिक्षा, पायी माणसं, नुसता लोंढा. मी मनात हिशेब केला: यातले शंभरातले दोन जण जरी दुकानात आले तरी आपलं काम झालं.

गिफ्ट आणि खेळण्यांचं दुकान टाकलं. डिपॉझिट ६०,०००, फर्निचर ८५,०००, माल २,२०,०००. एकूण ३,६५,०००. थोडे माझे होते, थोडे वडिलांनी दिले, आणि बाकीच्यासाठी आईची पोत बँकेत ठेवून सोनेतारण कर्ज काढलं. आपल्या सुवर्णनगरीत घरात सोनं असतंच, आणि अडचणीत पहिलं तेच आठवतं.

महिन्याचा खर्च असा होता:

- भाडं: ९,०००
- वीज: १,५००
- मदतीला मुलगा: ६,०००
- कर्जाचा हप्ता: ५,५००
- एकूण: २२,०००

गिफ्टच्या मालात मला सरासरी ३० टक्के सुटत होते. म्हणजे नुसता खर्च निघायला महिन्याला ७३,००० च्या वर विक्री हवी होती. झाली किती? सरासरी ४५,०००. त्यातून सुटले १३,५००. दर महिन्याला ८,५०० खिशातून. सात महिन्यांत ५९,५०० गेले.

लोंढा मात्र रोज तेवढाच होता. माझ्या दारावरून जात होता, आत येत नव्हता.

आई काही बोलली नाही. पण त्या वर्षी लग्नसराईत ती गळ्यात काळे मणी घालून जायची आणि कोणी विचारलं की "उन्हाळ्यात सोनं टोचतं बाई" म्हणायची. मी शेजारी उभा असायचो. मंडळी, मार्केट सर्व्हे का करायचा, हे मला कॉलेजात समजलं नव्हतं. तेव्हा समजलं.

राहणारा, येणारा, जाणारा

सातव्या महिन्यात मी वही घेतली आणि दुकानाबाहेर स्टूल टाकून बसलो. सकाळी सव्वासात ते सव्वाआठ, एक तास. रस्त्याने गेले साधारण ३४०. कुठेतरी थांबले ३८. त्यातले २६ चहा-नाश्त्याला, ९ पुडीसाठी, ३ बाकीच्या कामाला. माझ्याकडे शून्य.

मग लोकांशी बोलायला लागलो. कुठून येता, किराणा कुठे भरता, पोरांचं सामान कुठून घेता. पंधरा दिवसांत लक्षात आलं की ही गर्दी एक नाही, तीन आहेत.

१. येणारा. हा खेड्यावरून मोटारसायकलने येतो, काम करतो आणि घरी जातो. नशिराबाद, कुसुंबा, असोदा, अशा आजूबाजूच्या गावांतून. याचा पगार इथे होतो, पण खर्च गावात होतो. किराणा गावच्या दुकानात, कपडे बाजारात. इथे तो फक्त तेच घेतो जे त्याला वाटेत लागतं: चहा, नाश्ता, पाण्याची बाटली, हवा-पंक्चर, हातमोजे, पावसाळ्यात रेनकोट. आणि त्याच्याकडे वेळ असतो पाच मिनिटं.

२. जाणारा. हा इथे राहतो, पण काम करतो शहरात किंवा बाहेरगावी. शिक्षक, बँकेतला, दुकानातला, सरकारी नोकरीतला. त्याला इथे घर परवडलं म्हणून तो आला. त्याची मोठी खरेदी फुले मार्केट, गोलाणी किंवा मोठ्या मॉलमध्ये होते. इथे तो दूध, भाजी, ब्रेड, औषध, झेरॉक्स, पोरांची शिकवणी यासाठी येतो. त्याला चांगली सेवा लागते, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतं.

३. राहणारा. हा इथेच राहतो आणि इथेच काम करतो. बरीच कुटुंबं बाहेरून आलेली, कोणी मध्य प्रदेशातून, कोणी उत्तर प्रदेश-बिहारमधून, कोणी सातपुड्याकडून. भाड्याची खोली. याचा पगार पण इथे आणि खर्च पण इथे. तो लहान पाकीट घेतो, रोज घेतो, आणि त्याच्या घरातली बाई भाव बरोबर ओळखते. खरं गिऱ्हाईक हेच, पण उधारी पण इथेच.

आता सांगा, या तिघांपैकी कोणाला सकाळी साडेसातला टेडी बेअर हवा होता?

तुम्ही दुकान टाकायच्या आधी एकच वाक्य लिहून काढा: "माझं दुकान येणाऱ्यासाठी आहे, जाणाऱ्यासाठी आहे की राहणाऱ्यासाठी?" तिघांसाठी लिहिलं तर समजा उत्तर अजून सापडलं नाही.

दुकानाची बाजू आणि वेळ

येणाऱ्यासाठी दुकान असेल तर ते त्याच्या रस्त्याच्या डाव्या हाताला हवं. गाडी वळवून कोणी चहाला येत नाही. नाश्ता विकायचा तर कामावर जाण्याच्या बाजूला, भाजी-फळं विकायची तर घरी परतण्याच्या बाजूला. ऐकायला साधं वाटतं, पण माझा गाळा सकाळच्या लोंढ्याच्या उजव्या हाताला होता आणि मला सात महिने ते दिसलं नाही.

राहणाऱ्यासाठी असेल तर मुख्य रस्ता सोडा. आतल्या गल्लीत, शाळेच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या जवळ, जिथे बाया आणि पोरं पायी येतात, तिथे भाडं पण कमी असतं.

वेळेचं गणित वेगळं. मोठ्या कारखान्यात तीन पाळ्या असतात, छोट्या युनिटमध्ये सकाळी आठ-नऊला सुरू आणि संध्याकाळी सुट्टी. साप्ताहिक सुट्टी सगळीकडे रविवारीच असेल असं धरू नका, औद्योगिक भागात ती दुसऱ्या वारी पण असते. तुमच्या भागातला वार विचारून घ्या, त्या दिवशी येणारा येत नाही, पण राहणारा घरी असतो. त्या दिवशी दुकान बंद ठेवलं तर चांगला दिवस गेला.

आणि आपला उन्हाळा विसरू नका. एप्रिल-मेमध्ये ४४-४५ डिग्रीत दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. नुसतं डिसेंबरमध्ये मोजून दुकान टाकलं तर मे महिना रडवतो. मोजणी एकाच ऋतूची असेल तर उन्हाळ्यासाठी विक्री कमी धरूनच हिशेब करा.

पैशाला पण कॅलेंडर असतं

हा भाग नीट वाचा, यावर माझं आजचं दुकान उभं आहे.

१९३६ च्या वेतन कायद्यापासून आपल्याकडे नियम आहे की हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायचा. म्हणून अशा उपनगरात ७ ते १५ हा आठवडाभर हातात पैसा खेळतो. २० नंतर पाकीट लहान होतं, आणि महिनाअखेर वही बाहेर निघते. हमाल, रोजंदारीवाले यांचा पैसा मात्र आठवड्याला येतो. त्यांचा वार वेगळा विचारा.

मग माल कसा भरायचा? ५ तारखेला मोठ्या वस्तू पुढे लावायच्या: स्टीलचा डबा, बादली, कुकर, चादर. २० नंतर त्या मागे, आणि १०-२० रुपयांच्या वस्तू पुढे. माल तोच, जागा बदलली की विक्री बदलते.

दिवाळीचं बघा. बोनसचा नियम १९६५ च्या कायद्यापासूनचा. पात्र कामगाराला कमीत कमी ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २० टक्के. आणि हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत द्यायचा. ३१ मार्चपासून आठ महिने धरा, ३० नोव्हेंबर येतो. दिवाळी त्याच्या आतच येते, म्हणून बोनस दिवाळीला हातात पडतो. स्थानिक माणूस तो दिवाळीच्या आधी खर्च करतो. उत्तरेकडचा माणूस दिवाळीनंतर सहा दिवसांनी येणाऱ्या छठला गावी जायचं म्हणून बॅग, कपडे, घरच्यांसाठी भेटवस्तू घेतो आणि गाडीत बसतो. मग पंधरा-वीस दिवस खोल्यांना कुलपं. होळीला परत तेच. आणि आखाजीला आपल्या खान्देशातल्या लेकी माहेरी येतात, तेव्हा आतल्या गल्ल्या भरतात. हे चार सण भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.

कारखान्याचा हंगाम पण बघा. नवी तूर बाजारात आली की डाळ मिलला काम जोरात. शेतीच्या पाइपला पावसाळ्याआधी मागणी जास्त. तुमचं गिऱ्हाईक ज्या कारखान्यात आहे, त्या कारखान्याचा हंगाम हाच तुमचा हंगाम.

कायद्यात लपलेली एक संधी

१९४८ च्या कारखाने कायद्यात होतं की २५० पेक्षा जास्त कामगार असतील तर कँटीन हवं. २०२० च्या नव्या संहितेत हा आकडा १०० वर आणला. आता आपल्या डाळ मिलकडे, चटईच्या युनिटकडे बघा. कित्येक ठिकाणी वीस, तीस, पन्नास माणसं. तिथे कँटीन बंधनकारकच नाही. मग ही माणसं खातात काय आणि कुठे?

धुळ्याची एक ताई माझ्या प्रशिक्षणाला आली होती. तिला अवधानच्या रस्त्यावर पोळीभाजीचे डबे सुरू करायचे होते. मी म्हटलं, "ताई, आधी आठ दिवस नुसतं मोजा." तिने मोजलं. तिच्या लक्षात आलं की सकाळच्या बहुतेक माणसांच्या हँडलला घरचा डबा लटकलेला असतो. दुपारच्या जेवणाला गिऱ्हाईक कमी. पण तो डबा संपतो एक-दीडला, आणि चार-साडेचारला पोट परत ओरडतं. शिवाय खोलीवर एकटी राहणारी पोरं रात्री दमून येतात, त्यांना स्वयंपाकाचा कंटाळा.

तिने दुपारचा डबा सोडून दिला. चारला गरम नाश्ता, आणि रात्री शेवभाजी-भाकरीचं पार्सल, तेही आदल्या दिवशी सांगणाऱ्यांनाच. पहिल्या महिन्यात फक्त ११ पार्सल रोज. पण माल वाया गेला नाही आणि कर्ज काढावं लागलं नाही. ती आठ दिवस उभी राहिली नसती तर दुपारी साठ डबे करून बसली असती.

मी काय बदललं

गिफ्टचा माल मी घाट्यात काढला. मुख्य रस्त्याचा गाळा सोडला आणि आतल्या गल्लीत आलो. भाडं थोडं कमी होतं, पण माल पोहोचवायला गाडीचा खर्च वाढला, म्हणून महिन्याचा खर्च परत २२,००० च धरला. माल बदलला: डबे, बाटल्या, बादल्या, झाडू, शेगडीचं सामान, वह्या-पेन, हातमोजे, मोजे, रेनकोट. राहणाऱ्याच्या घराला जे रोज लागतं ते.

नफा मात्र ३० वरून २० टक्क्यांवर आला. इथे बरेच जण घाबरतात. हिशेब असा करा:

- महिन्याचा खर्च २२,००० भागिले ०.२० = १,१०,००० विक्री हवी
- महिन्यात २६ दिवस धरले तर रोज साधारण ४,२३०
- सरासरी बिल ८५ रुपये धरलं तर रोज ५० गिऱ्हाईक

आता प्रश्न सोपा झाला. "या गल्लीत मला रोज ५० गिऱ्हाईक मिळतील का?" हे मोजता येतं. आजूबाजूला घरं किती, त्यातली किती घरं आठवड्यातून एकदा येतील. तीनशे घरं आणि प्रत्येक घर आठवड्यातून एकदा आलं तर रोज ५० होतात, आठवड्याचे सहा दिवस धरून. माझ्या गल्ल्यांमध्ये घरं चारशेच्या पुढे होती. चौथ्या महिन्यात खर्च निघाला.

उधारी: दुसरी चूक

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

दुकान चाललं, ओळखी वाढल्या, "भाऊ, सात तारखेला देतो" सुरू झालं. लोक प्रामाणिक होते, सात तारखेला देत पण होते. दोन वर्षांत वहीवर ६४ खाती झाली. मग जवळचं एक युनिट अचानक बंद पडलं. माझ्या ६४ पैकी बहुतेक खाती त्या एकाच युनिटमधल्या लोकांची होती, आणि हे मी कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी वहीत १,३८,००० होते. वर्षभरात ८१,००० आले. ५७,००० राहिले.

५७,००० ची विक्री म्हणजे माझ्या खरेदी भावाने ४५,६०० चा माल. तो भरून काढायला २० टक्क्यांच्या नफ्याने २,२८,००० ची नवीन विक्री करावी लागते. म्हणजे दोन महिने फुकट काम. पोत सोडवायची तारीख परत पुढे गेली.

तेव्हापासून माझे नियम:

- एका खात्याला मर्यादा. माझ्या दुकानात ५००. पगाराचा आकडा विचारून लाजवायचं नाही, मर्यादा सगळ्यांना सारखी.
- खात्याच्या पुढे फक्त नाव नाही, तो कुठे काम करतो ते पण लिहायचं.
- एकाच कारखान्याची उधारी एकूण उधारीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त होऊ द्यायची नाही.
- एकूण उधारी पंधरा दिवसांच्या विक्रीच्या वर नाही.
- ज्याचं काम सुटलं त्याला चारचौघांत मागायचं नाही. हप्ते करून द्यायचे.

शेवटचा नियम धंद्याचा पण आहे. त्या ६४ मधली एक मावशी घर सोडून बऱ्हाणपूरकडे गेली होती. मी तिचं नाव खोडून टाकलं होतं. दोन वर्षांनी आखाजीच्या सुमारास दुकानात आली, पदराची गाठ सोडली आणि ६४० रुपये मोजून ठेवले. म्हणाली, "भाऊ, तुम्ही दारात येऊन ओरडला नाहीत, म्हणून तोंड दाखवता आलं." सगळे असे येत नाहीत, खोटं कशाला सांगू. पण तिच्या बहिणीचं घर आजही माझं गिऱ्हाईक आहे.

एकाच भोंग्यावर दुकान नको

ही गोष्ट माझ्या एकट्याची नाही आणि फक्त आपल्याकडची पण नाही.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरला लागून ट्रॅफर्ड पार्क आहे. १८९६ साली सुरू झालेली ही जगातली पहिली आखीव औद्योगिक वसाहत मानली जाते. तिथे वेस्टिंगहाऊस या अमेरिकी कंपनीचा मोठा कारखाना आला आणि कामगारांसाठी कारखान्यांच्या मधोमध एक गावच वसलं. रस्त्यांना नंबर, घरांच्या रांगा, दुकानं, शाळा, चर्च. १९४५ च्या सुमारास त्या वसाहतीत ७५,००० लोक कामाला होते. १९७६ पर्यंत उरले १५,०००. गावातली बहुतेक घरं पुढे पाडली गेली. विचार करा, तिथल्या किराणावाल्याने काही चूक केली नव्हती. त्याचं गिऱ्हाईकच गेलं.

आपल्याकडे जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल आठवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, भोंग्यावर गावाचं घड्याळ चालायचं. खान्देश मिलच्या जागेवर आज खान्देश सेंट्रल उभं आहे.

म्हणून दोन गोष्टी बघा. एक, तुमच्या उपनगरात एकच मोठा कारखाना आहे की वेगवेगळ्या धंद्यांचे खूप कारखाने? जळगावात डाळ, चटई, पाइप असे वेगवेगळे धंदे आहेत, एकाला मंदी आली तरी सगळे एकदम बसत नाहीत. ही आपली जमेची बाजू. दोन, तुमच्या विक्रीत राहणाऱ्याबरोबर थोडा जाणारा पण आहे का? मी नंतर झेरॉक्स आणि शाळेच्या प्रोजेक्टचं सामान ठेवलं ते याचसाठी. शिक्षकाचा पगार डाळ मिलच्या हंगामावर नसतो.

कागदपत्रांचे चार मुद्दे

१. जागा कोणाची? एमआयडीसीचा प्लॉट साधारण ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो आणि कारखान्यासाठी दिलेला असतो. कारखान्याच्या कंपाउंडला शटर पाडून कोणी "गाळा घे" म्हटलं तर एमआयडीसीची परवानगी बघितल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका.

२. करारनामा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी करावीच लागते, आणि ती जबाबदारी कायद्याने जागामालकाची आहे. "स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊ, बास" याला हो म्हणू नका. सोडायची मुदत आणि डिपॉझिट परत मिळायची तारीख करारात लिहून घ्या.

३. दुकान नोंदणी. २०१७ च्या कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर ऑनलाइन सूचना द्यावी लागते, तेवढे किंवा जास्त असतील तर नोंदणी. आपल्यासारख्यांना पहिलं पुरतं.

४. खाण्याचं काही विकत असाल तर एफएसएसएआयची नोंदणी पहिल्या दिवसापासून. चहाची टपरी असली तरी.

या आठवड्याचा गृहपाठ

जागेचं डिपॉझिट देण्याआधी सात दिवस हे करा. खर्च फक्त चहाचा.

- पहिले तीन दिवस: सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास मोजा. किती गेले, किती थांबले, कशासाठी थांबले.
- चौथा दिवस: वीस माणसांना विचारा, राहता कुठे, काम कुठे, किराणा कुठे. येणारा, जाणारा, राहणारा असे तीन रकाने भरा.
- पाचवा दिवस: साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी त्याच जागेवर उभे राहा.
- सहावा दिवस: आजूबाजूचे बंद पडलेले गाळे शोधा आणि ते का बंद पडले ते शेजाऱ्याला विचारा. चालू दुकानदार खरं सांगेलच असं नाही, बंद दुकानाचा शेजारी सांगतो.
- सातवा दिवस: खर्च भागिले नफ्याचा हिस्सा, मग रोजची विक्री, मग रोजची गिऱ्हाइकं. आकडा आणि मोजणी समोरासमोर ठेवा. जुळलं तर पुढे जा. नाही जुळलं तर जागा सोडा किंवा माल बदला.

नाही जुळलं तर वाईट वाटून घेऊ नका. सात दिवस आणि सत्तर-ऐंशी रुपयांच्या चहात तुमचे तीन-साडेतीन लाख वाचले.

पोतीचं काय झालं ते विचाराल म्हणून सांगतो. ठेवल्यापासून चौथ्या वर्षी सोडवली. आईने हातात घेतली, वजन केल्यासारखी तळहातावर धरली आणि म्हणाली, "आता पुढचं दुकान टाकशील तेव्हा आधी मला सांग, मी बसते मोजायला." दुसऱ्या दुकानाच्या वेळी ती खरंच स्टूल टाकून तीन दिवस बसली होती. तिची मोजणी माझ्यापेक्षा बरोबर निघाली, कारण ती रस्त्यावरच्या बायांच्या पिशवीत काय आहे ते बघत होती.

पुढच्या व्हिडिओत उधारीची वही कशी आखायची ते दाखवतो, रकान्यांसकट. तोपर्यंत मोजायला लागा. भेटूया!